लॅपटॉपवर दोन विंडो शेजारी-शेजारी: विंडोज ११ मधल्या स्नॅपचं परीक्षण

डावीकडे बँक स्टेटमेंटची पीडीएफ, उजवीकडे एक्सेल. किंवा डावीकडे इंग्रजी मजकूर आणि उजवीकडे त्याचा मराठी अनुवाद. लॅपटॉपवरची निम्मी कामं अशी दोन ठिकाणी डोळे ठेवूनच करायची असतात. तरीही बहुतेक जण दिवसभर ऑल्ट-टॅब दाबत राहतात, आणि दर वेळी आकडा डोक्यात धरून एका विंडोतून दुसरीत जाताना तो अर्ध्या वाटेत विसरतात. विंडोज ११ मध्ये यासाठी स्नॅप ही सोय आहे. ती फुकट आहे आणि वेगळं काही बसवावं लागत नाही. हे परीक्षण त्या सोयीचं, तेही १४ आणि १५.६ इंची लॅपटॉपवर, बाहेरचा मॉनिटर न जोडता वापरण्याच्या अंगाने.

मत आधीच सांगून टाकतो. दोन विंडोंसाठी स्नॅप उत्तम आहे, तीनसाठी क्वचित कामाचा आहे, आणि चार विंडोंचा पर्याय लॅपटॉपवर हातच लावू नये असा आहे. पण तो तुमच्याकडे चांगला चालेल की नाही, हे स्नॅपपेक्षा स्क्रीनच्या स्केलिंगवर जास्त ठरतं. लोक नेमकं तिकडेच बघत नाहीत आणि "लहान स्क्रीनवर हे जमत नाही" म्हणून सोडून देतात.

विंडो शेजारी मांडणं विंडोजला नवं नाही. १९८५ मधल्या पहिल्या विंडोजमध्ये तर ॲपच्या विंडो एकमेकींवर येतच नसत, शेजारीच बसत. विंडो कडेला ओढली की अर्ध्या स्क्रीनवर बसणं २००९ च्या विंडोज ७ मध्ये आलं, चार कोपरे २०१५ च्या विंडोज १० मध्ये. ५ ऑक्टोबर २०२१ ला आलेल्या विंडोज ११ ने त्यात दोन गोष्टींची भर घातली: तयार मांडण्यांचा तक्ता, आणि एकत्र बसवलेल्या विंडोंचा गट लक्षात ठेवणं. पहिली गोष्ट मस्त जमली आहे. दुसरी अर्धवट आहे, तिच्याबद्दल पुढे.

आधी रुंदीचा हिशोब

लॅपटॉपच्या जाहिरातीत १९२० बाय १०८० पिक्सेल (स्क्रीनवरचे बारीक ठिपके) लिहिलेलं असतं, पण विंडोंना वाटून मिळते ती एवढी जागा नसते. अक्षरं वाचता यावीत म्हणून विंडोज सगळं मोठं करून दाखवतं, तेच स्केलिंग. १४ इंची फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८० चा, लॅपटॉप बहुधा १५० टक्क्यांवर लावलेला येतो. १९२० ला दीडने भागलं की १२८० उरतात. म्हणजे अर्ध्या विंडोला मिळाले ६४०. तोच स्क्रीन १२५ टक्क्यांवर ठेवला तर एकूण रुंदी १५३६ आणि अर्ध्या विंडोला ७६८. गंमत बघा: १३६६ बाय ७६८ चा जुना, स्वस्त लॅपटॉप १०० टक्क्यांवर असेल तर त्याच्या अर्ध्या विंडोला ६८३ मिळतात, म्हणजे १५० टक्क्यांवरच्या महागड्या फुल एचडीपेक्षा जास्त.

हे आकडे कामात कसे उतरतात? वर्डमध्ये ए-फोर पान १०० टक्के झूमवर साधारण ७९४ पिक्सेल रुंद असतं. ७६८ च्या विंडोत ते जेमतेम काठाशी येतं, झूम नव्वदच्या आसपास आणला की पूर्ण दिसतं आणि आरामात वाचता येतं. ६४० च्या विंडोत तेच पान बसवायला झूम पंचाहत्तरपर्यंत खाली आणावा लागतो. बारा पॉइंटचा मजकूर मग नऊ पॉइंटसारखा दिसतो. इंग्रजी त्यात निभावून जाईल, देवनागरीचे हाल होतात. अनुस्वार आहे की नाही, 'प्र' आहे की 'प', ऱ्हस्व उकार की दीर्घ, हे ओळखायला मान पुढे काढावी लागते. मुद्रितशोधनाचं काम करणाऱ्याने तर या झूमवर कधीच काम करू नये.

एक्सेलचंही तसंच. मूळ रुंदीचा स्तंभ ६४ पिक्सेलचा असतो. ओळींच्या क्रमांकांची आणि सरकपट्टीची जागा सोडून ६४० मध्ये नऊ स्तंभ दिसतात, ७६८ मध्ये अकरा. तारीख, तपशील, चेक क्रमांक, नावे, जमा, शिल्लक एवढं मांडून शेजारी शेऱ्याला एक स्तंभ उरायला हा दोनाचा फरक पुरतो.

म्हणून पहिलं काम: सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले या वाटेने जाऊन स्केल १५० असेल तर १२५ करा. अक्षरं एक षष्ठांशाने लहान होतील. पहिले दोन दिवस बारीक वाटतात, मग नजर बसते. १५.६ इंची स्क्रीनला त्रास होत नाही. १४ इंचीवर चष्म्याचा नंबर असलेल्यांनी करून बघावं आणि न झेपल्यास परत फिरावं. डोळ्यांपेक्षा स्नॅप मोठा नाही. १९२० बाय १२०० चे, जरा उंच स्क्रीन हल्ली मिळतात. त्यांची रुंदी तेवढीच असली तरी उंची १२५ टक्क्यांवर ८६४ ऐवजी ९६० मिळते, आणि शेजारी-शेजारी वाचताना ती चार-पाच ओळींची भर फार जाणवते. नवा लॅपटॉप घेताना दोन विंडोंचं काम डोळ्यांसमोर असेल तर हा उंच स्क्रीनच बघावा.

मांडायचं कसं

तीन वाटा आहेत. विंडोज की धरून डावा किंवा उजवा बाण दाबा, चालू विंडो त्या अर्ध्यात बसते. लगेच उरलेल्या अर्ध्यात बाकीच्या उघड्या विंडोंची छोटी चित्रं येतात, त्यातली एक निवडली की जोडी तयार. नको असेल तर एस्केप. ही वाट सगळ्यात जलद आहे आणि दहापैकी नऊ वेळा हीच पुरते.

दुसरी वाट: विंडोज की आणि झेड. मांडण्यांचा तक्ता उघडतो आणि प्रत्येक मांडणीवर आकडा दिसतो. मांडणीचा आकडा दाबा, मग त्यातल्या जागेचा आकडा दाबा, हात कीबोर्डवरून उचलावाच लागत नाही. मॅक्झिमाइझच्या चौकोनावर माउस थांबवला तरी हाच तक्ता येतो. मात्र स्वतःची वेगळी शीर्षपट्टी असलेल्या काही ॲपमध्ये माउस थांबवून तक्ता येत नाही. बिघाड समजू नका, झेडची वाट तिथेही बहुतेक वेळा चालते. तिसरी वाट म्हणजे विंडो पकडून स्क्रीनच्या वरच्या कडेला न्यायची, तिथे पट्टी उतरते. टचपॅडवर ही वाट कटकटीची आहे, कारण नुसती विंडो सरकवायची असते तेव्हाही पट्टी खाली येते.

जोडी बसली की दोन विंडोंच्या मधल्या रेघेवर माउस न्या. दुहेरी बाण दिसला की ओढा, एक रुंद होते तशी दुसरी आपोआप अरुंद होते. ही रेघ हेच स्नॅपचं खरं मर्म आहे. निम्मी-निम्मी वाटणी लॅपटॉपवर क्वचितच योग्य असते, कारण दोन्हीपैकी एक विंडो वाचायची असते आणि एक लिहायची, आणि दोन्हींची गरज सारखी नसते. व्हिडिओ बघत टिपणं काढणाऱ्या विद्यार्थ्याला व्हिडिओ मोठा हवा, टिपणांना अरुंद पट्टी पुरते. हिशोब लिहिणाऱ्याला उलट: स्टेटमेंट अरुंद, एक्सेल रुंद. अंथरूण लहान आहे, तेव्हा पाय कुणी किती पसरायचे हे ठरवून द्यावं लागतं.

१५० टक्क्यांच्या लॅपटॉपवर तक्त्यात चारच मांडण्या दिसतात. तीन उभ्या स्तंभांची मांडणी त्यात नसते, कारण तिला १९२० ची खरी रुंदी लागते. १२५ वरही ती येत नाही. हे विंडोजने योग्यच केलं आहे. एक अर्धी आणि शेजारी वर-खाली दोन पाव, ही मांडणी मात्र कधीकधी उपयोगी पडते: मोठ्या भागात वर्ड, बाजूला वर शब्दकोश आणि खाली चॅट किंवा कॅल्क्युलेटर.

चार कोपऱ्यांची मांडणी का नको, तेही आकड्यात बघा. १२५ टक्क्यांवर उंची ८६४, त्यातून टास्कबारचे ४८ गेले, उरले ८१६, पाव विंडोला ४०८. वर्डची शीर्षपट्टी, टॅब, रिबन (वरची बटणांची रुंद पट्टी) आणि खालची पट्टी मिळून दोनशेच्या आसपास खातात. मजकुराला उरतात दोनशेच्या थोडे वर, म्हणजे आठ-दहा ओळी. यात काम होत नाही. दोन विंडोंच्या मांडणीतही कंट्रोल आणि एफ-वन दाबून रिबन मिटवून ठेवावी, शंभरच्या आसपास पिक्सेल परत मिळतात.

जवळून एक काम: इंग्रजीवरून मराठी

अनुवाद हे स्नॅपची कसोटी बघणारं काम आहे, म्हणून तेच नीट मांडून दाखवतो. मूळ इंग्रजी पीडीएफ डावीकडे, वर्ड उजवीकडे. रेघ जराशी डावीकडे सरकवून वर्डला थोडी जास्त जागा द्या. वर्डमध्ये व्ह्यू, झूम असं जाऊन 'टेक्स्ट विड्थ' निवडा. 'पेज विड्थ' नको. पेज विड्थ कागदाचे कोरे समासही विंडोत बसवतं. ए-फोरवर दोन्हीकडे एक इंचाचा समास सोडला तर मजकुराची रुंदी फक्त सहाशेच्या आसपास असते. त्यामुळे टेक्स्ट विड्थवर ६४० च्या विंडोतही मजकूर जवळजवळ १०० टक्के आकारात दिसतो. ज्यांना १५० चं स्केलिंग बदलायचं नाही त्यांच्यासाठी हा एक उपाय सगळ्या हिशोबावर मात करणारा आहे, आणि मेनूत तो गेली कित्येक वर्षं पडून आहे.

आता कीबोर्ड. नेहमीची तक्रार अशी: वर्डमध्ये मराठी लिहीत असता, शेजारच्या ब्राउझरमध्ये इंग्रजी शब्द शोधायला जाता आणि तिथे देवनागरी उमटते. भाषा बदलून शोधता, परत वर्डमध्ये येता तर आता तिथे इंग्रजी उमटते. कारण विंडोज मुळात सगळ्या विंडोंना मिळून एकच भाषा धरतं. यावर इलाज आहे. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज इथे जा. तिथे 'लेट मी यूज अ डिफरंट इनपुट मेथड फॉर ईच ॲप विंडो' असा चौकोन आहे, त्यावर खूण करा. मग वर्डमध्ये एकदा विंडोज की आणि स्पेसने मराठी निवडली की तिथे मराठीच राहते, ब्राउझरमध्ये इंग्रजीच. मराठीत लिहिणाऱ्याला स्नॅपचा पूर्ण फायदा या एका खुणेशिवाय मिळत नाही, असं आमचं ठाम मत आहे. ती आधीपासून लावलेली का नसते, हे कळत नाही. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांची प्रमाण कळरचना, येत नसेल तर भाषेच्या पर्यायांत मराठी फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांनी लिहायचा) कीबोर्ड जोडता येतो. तो विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून आतच आहे, बाहेरून काही उतरवून घ्यायची गरज नाही.

पुढचा भाग माउसचा. वर्डमध्ये कर्सर ठेवून माउस नुसता पीडीएफवर न्या आणि चाक फिरवा, पीडीएफ सरकते आणि टायपिंग वर्डमध्येच चालू राहतं. टचपॅडवर दोन बोटांनीही हेच होतं. होत नसेल तर माउसच्या सेटिंगमध्ये निष्क्रिय विंडो सरकवण्याचा पर्याय बंद असेल, तो चालू करा. चूक होते ती क्लिक करण्यात. पान उलटायला पीडीएफवर क्लिक केलं की विंडोजच्या दृष्टीने आता तीच चालू विंडो, आणि पुढचं वाक्य वर्डमध्ये न जाता हवेत जातं. काही ॲपमध्ये एकेक अक्षर म्हणजे शॉर्टकट असतो, तिथे तर नको ते घडतं. सवय लावायची ती एवढीच: वाचायच्या विंडोवर फक्त सरकवायचं, क्लिक फक्त लिहायच्या विंडोत.

मराठी पीडीएफमधून मजकूर उचलून वर्डमध्ये चिकटवायला जाल तर जुन्या, युनिकोडपूर्व (सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक अक्षरपद्धत येण्याआधीच्या) फॉन्टच्या फाइली चित्रविचित्र अक्षरं ओकतील. तो दोष स्नॅपचा नाही, फाइलचा आहे. तिथे बघून टाइप करण्याला पर्याय नाही, आणि बघून टाइप करायला शेजारी-शेजारी विंडोंसारखं दुसरं काही नाही. युनिकोड फाइल असेल तर विंडोज की आणि व्ही दाबून क्लिपबोर्डचा इतिहास एकदा चालू करून ठेवा. डावीकडून पाच-सहा तुकडे ओळीने कॉपी करायचे आणि उजवीकडे एकेक करून चिकटवायचे. २५ पर्यंत तुकडे त्यात राहतात.

दोन्हीकडे एकच फाइल हवी असेल तर

एक्सेलच्या एकाच फाइलमधल्या दोन शीट शेजारी बघायच्या तर आधी व्ह्यू, न्यू विंडो करावं. त्याच फाइलची दुसरी विंडो उघडते, तिला नेहमीसारखं स्नॅप करता येतं, आणि एकीत केलेला बदल दुसरीत लगेच दिसतो. अनेक जण यासाठी फाइलची वेगळी प्रत काढतात आणि मग कुठली खरी यात घोळ घालतात. वर्डमध्ये एकाच मजकुराच्या दोन आवृत्त्या ताडून बघायच्या असतील तर व्ह्यूमधलं साइड बाय साइड आणि सिंक्रोनस स्क्रोलिंग स्नॅपपेक्षा सरस आहे: एक सरकवली की दुसरी तेवढीच सरकते. एका लांब दस्तऐवजाची सुरुवात आणि शेवट एकदम बघायला वर्डचंच स्प्लिट पुरतं.

ब्राउझरमधले दोन टॅब शेजारी हवेत तर टॅब पकडून खाली ओढा, त्याची वेगळी विंडो होते, मग स्नॅप. एज वापरत असाल तर त्यात एकाच विंडोत दोन पानं दाखवणारं स्प्लिट स्क्रीन आहे, पत्त्याची पट्टी एकदाच खर्च होते. लिंकवर राइट क्लिक करून ती शेजारच्या भागात उघडता येते: डावीकडे यादी, उजवीकडे तपशील. विवाल्डी या ब्राउझरमध्येही टॅब शेजारी मांडायची चांगली सोय आहे.

कुठे अडतं

क्रोमची विंडो सुमारे ५०० पिक्सेलपेक्षा अरुंद होत नाही. १५३६ रुंदीचा तिसरा हिस्सा ५१२, तिथे ती बसते. १३६६ चा तिसरा हिस्सा ४५५ आणि १२८० चा ४२७, तिथे बसत नाही: रेघ अडते किंवा विंडो शेजारणीवर चढते. अनेक ॲपना अशी किमान रुंदी असते. जुन्या, ठरावीक आकाराच्या विंडो असलेल्या हिशोबाच्या आणि डेटा एंट्रीच्या प्रोग्रॅमना तर स्नॅप लागूच होत नाही. त्यांना एका बाजूला ठेवून दुसरी विंडो हाताने ओढून मापात आणणं हाच मार्ग.

वेबसाइटचं वागणं बदलतं. ६४० रुंदी म्हटल्यावर बऱ्याच साइट मोबाइलचं रूप घेतात, वरचा मेनू तीन रेघांत लपतो. "ते बटण दिसतच नाही" अशी ओरड होते तेव्हा ते बहुधा त्या तीन रेघांच्या आत असतं. उलट काही जुन्या, विशेषतः फॉर्म भरायच्या, साइट ठरावीक रुंदीच्या असतात आणि आडव्या सरकवाव्या लागतात. 'सबमिट' उजवीकडे पडद्याआड राहतं. तिथे कंट्रोल आणि वजाने झूम ८० पर्यंत आणावा. आधार किंवा दाखल्याची स्कॅन प्रत शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर जुळवायचं असेल तर प्रत मोठी, फॉर्म लहान अशी वाटणी ठेवावी. आणखी एक खोच: क्रोम झूम लक्षात ठेवतो तो साइटनुसार. एकाच साइटची दोन पानं शेजारी असतील तर एकीचा झूम बदलला की दुसरीचाही बदलतो.

सगळ्यात मोठी तक्रार गटाबद्दल. वर्ड आणि पीडीएफची जोडी लावली, मध्येच मेल पूर्ण स्क्रीनवर उघडली, आणि टास्कबारवरून वर्डवर क्लिक केलं. वर्ड तेवढा पुढे येतो, जोडीदार मेलच्या मागेच राहतो. जोडी परत आणायची तर टास्कबारवरच्या चिन्हावर माउस थांबवून गटाचं चित्र निवडावं लागतं किंवा ऑल्ट-टॅबमध्ये गट शोधावा लागतो. तोही गट एखादी विंडो हलवली की मोडतो. मेलसाठी वेगळा डेस्कटॉप ठेवणं हा चांगला तोडगा आहे: विंडोज की, कंट्रोल आणि डी ने नवा डेस्कटॉप, आणि विंडोज की, कंट्रोल आणि बाणांनी ये-जा. टचपॅडवर चार बोटं आडवी फिरवली तरी चालतं. एका डेस्कटॉपवर एक जोडी, असा नेम धरला तर गटाची भानगडच उरत नाही.

लॅपटॉप बंद करून चालू केला की मांडणी जाते. हायबरनेट केल्यास, म्हणजे उघडी कामं डिस्कवर जपून लॅपटॉप बंद केल्यास, ती जशीच्या तशी राहते. तो पर्याय पॉवरच्या मेनूत नसेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाचं काम ठरवण्याच्या पानावर जाऊन चालू करावा लागतो.

प्रोजेक्टर जोडताच सगळं विस्कटलं, असंही होतं. दोन्हीकडे तेच चित्र दाखवण्याच्या पर्यायात रिझोल्यूशन प्रोजेक्टरला झेपेल एवढं खाली येतं आणि विंडो नव्या मापात कोंबल्या जातात. विंडोज की आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवडा, लॅपटॉपची मांडणी हलत नाही.

रॅमबद्दल गैरसमज बराच आहे. विंडो शेजारी लावल्याने स्वतंत्र रॅम लागत नाही, त्या विंडो आधीही उघड्याच होत्या. फरक पडतो तो असा: झाकलेल्या विंडोचं चित्र रंगवायचं काम ब्राउझर थांबवतो, दिसणारीचं थांबवत नाही. एकीकडे व्हिडिओ, दुसरीकडे हलत्या जाहिरातींची बातम्यांची साइट असेल तर पंखा वाजणार आणि बॅटरी लवकर उतरणार. ४ जीबीवर दोन ब्राउझर विंडो शेजारी ठेवणं त्रासाचं आहे, वर्ड आणि पीडीएफ चालतं. ८ जीबीला या कामात अडचण यायचं कारण नाही.

तयार मांडण्या पुरेनात तर

स्नॅपमधली खरी उणीव म्हणजे स्वतःची मांडणी जतन करता येत नाही. रोज रेघ साठ-चाळीसवर ओढायची, आणि उद्या परत ओढायची. मायक्रोसॉफ्टचंच फुकट आणि मुक्त स्रोत असलेलं पॉवरटॉइज ही उणीव भरून काढतं, आणि ते विंडोज १० वरही चालतं. त्यातलं फॅन्सीझोन्स उघडून विंडोज की, शिफ्ट आणि एस्केपखालची तिरकी खूण दाबली की संपादक येतो. हव्या त्या मापाचे भाग आखायचे, नाव देऊन ठेवायचे, मग शिफ्ट धरून विंडो ओढली की ती त्या भागात बसते. भागांमधली रिकामी पट्टी मोठ्या मॉनिटरवर छान दिसते, लॅपटॉपवर शून्य करावी. नवी विंडो तिच्या मागच्या जागी जाऊन बसावी, असा पर्यायही त्यात आहे, तो चालू ठेवण्यासारखा आहे. प्रशासक हक्काने चालवलेल्या प्रोग्रॅमची विंडो फॅन्सीझोन्सला हलवता येत नाही. पॉवरटॉइजही प्रशासक म्हणून चालवलं तर येते.

त्याच संचात २०२४ पासून वर्कस्पेसेस आहे. ठरावीक ॲप ठरावीक जागी एका क्लिकने उघडतात, म्हणजे बंद-चालूनंतर मांडणी जाण्याची तक्रारच मिटते. ॲप उघडतं पण फाइल उघडत नाही असं झालं तर त्या ॲपच्या आर्ग्युमेंटच्या रकान्यात फाइलचा पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत घालावा. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल आणि अवतरणचिन्हं विसरलात, तर फाइल सापडत नाही. विंडोज की, कंट्रोल आणि टी ने कुठलीही विंडो सगळ्यांच्या वर टिकवायची सोयही यातच आहे. छोट्या कॅल्क्युलेटरला अख्खा पाव स्क्रीन देण्यापेक्षा हे बरं.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात: २०१५ पासूनचं स्प्लिट व्ह्यू पूर्ण स्क्रीन अडवतं, त्यामुळे मधेच तिसरं काही बघणं जड जातं. २०२४ च्या मॅकओएस सेक्वोयापासून कडेला ओढून विंडो बसवता येते, तेच वापरावं. डेस्कटॉप अँड डॉकच्या सेटिंगमध्ये विंडोंभोवतीचा समास बंद केला की १३ इंची स्क्रीनवर बरीच जागा मिळते. क्रोमबुकवर ऑल्ट आणि चौकोनी कंसाच्या कळा पुरतात.

विंडोजकडे परत येऊन, सेटिंगमध्ये लगेच बघायच्या दोन गोष्टी. सेटिंग्ज, सिस्टीम, मल्टिटास्किंगमध्ये स्नॅप विंडोजखालची वरच्या कडेला पट्टी दाखवण्याची खूण काढा, टचपॅडवरची निम्मी चिडचिड संपते. स्नॅप केल्यावर शेजारी काय बसवायचं ते सुचवण्याची खूण मात्र राहू द्या, ती काढली की विंडोज की आणि बाणाची निम्मी मजा जाते. आणि ऑनलाइन मीटिंगमध्ये स्क्रीन दाखवताना पूर्ण स्क्रीनऐवजी फक्त ती एक विंडो निवडा, शेजारच्या अर्ध्या भागात उघडं असलेलं बँक स्टेटमेंट नाहीतर सगळ्यांना दिसतं.